रासायनिक सूत्रे आणि नावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी ते बारावीचे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणारे यांना वरचेवर पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. या विषयातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. समोरचे संयुग कोणत्या प्रकारचे आहे हे न ठरवताच नाव द्यायला घेतले जाते आणि एका प्रकारचा नियम दुसऱ्याला लावला जातो. म्हणून पेन उचलण्याआधी एवढेच विचारा: हे आयनिक आहे, दोन अधातूंचे सहसंयुज आहे, आम्ल आहे की कार्बनी?

या पानावरची सूत्रे अशी वेगळी का दिसतात?

इथे मूलद्रव्यांची चिन्हे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एक चिन्ह संपून दुसरे सुरू होते तिथे आडवी रेघ आहे आणि चिन्हाला चिकटलेला अंक म्हणजे वहीत खाली, लहान लिहायचा अंक. पाणी म्हणजे एच२-ओ, मीठ म्हणजे एनए-सीएल. वहीत मात्र आंतरराष्ट्रीय रोमन चिन्हेच वापरायची, आणि तिथे पहिले अक्षर मोठे व दुसरे लहान हा नियम काटेकोरपणे पाळायचा. दोन्ही अक्षरे मोठी काढली तर कार्बन मोनॉक्साइड (सी-ओ), दुसरे लहान काढले तर कोबाल्ट धातू (सीओ). घाईत लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत हा फरक पुसला जातो आणि गुण जातो.

सोडियमचे चिन्ह एनए, लोखंडाचे एफई. नावाशी जुळतच नाही, असे का?

ही चिन्हे लॅटिन नावांवरून आली: नॅट्रियम, फेरम, कॅलियम (पोटॅशियम), अर्जेंटम (चांदी), ऑरम (सोने), प्लम्बम (शिसे). टंगस्टनचे डब्ल्यू 'वोल्फ्रॅम'वरून. अक्षरचिन्हांची ही पद्धत स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१३-१४ च्या सुमारास मांडली. अशी चिन्हे मोजकीच आहेत. एकदा बसून पाठ करून टाका.

नेमके पाठ किती करायचे?

वाटते त्यापेक्षा खूप कमी. ज्यांचा प्रभार बदलत नाही असे धन आयन आधी घ्या. सोडियम, पोटॅशियम, सिल्व्हर आणि अमोनियम यांचा +१. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम, झिंक यांचा +२. अल्युमिनियमचा +३.

साधे ऋण आयन आवर्तसारणीवरूनच काढता येतात: सतराव्या गणाचे −१, सोळाव्याचे −२, पंधराव्याचे −३. खरी घोकंपट्टी फक्त संयुक्त मूलकांची, म्हणजे एकापेक्षा जास्त अणूंचा गट मिळून बनलेल्या आयनांची. हायड्रॉक्साइड (ओ-एच), नायट्रेट (एन-ओ३), नायट्राइट (एन-ओ२), हायड्रोजन कार्बोनेट (एच-सी-ओ३), परमँगनेट (एमएन-ओ४) यांचा प्रभार −१. कार्बोनेट (सी-ओ३), सल्फेट (एस-ओ४), सल्फाइट (एस-ओ३), डायक्रोमेट (सीआर२-ओ७) यांचा −२. फॉस्फेट (पी-ओ४) −३. एवढ्या भांडवलावर दहावीपर्यंतची बहुतेक सगळी अकार्बनी सूत्रे लिहिता येतात. तयार सूत्रांची शंभर ओळींची यादी पाठ करायला लावणाऱ्या शिकवण्या मुलांचा वेळ वाया घालवतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिरकस गुणाकाराने सूत्र कसे काढायचे?

अल्युमिनियम सल्फेट घेऊ. धन आयन डावीकडे, ऋण आयन उजवीकडे लिहा: एएल, एस-ओ४. प्रत्येकाखाली प्रभाराचा आकडा, चिन्ह सोडून: ३ आणि २. आता आकडे तिरके फिरवा. अल्युमिनियमच्या वाट्याला २ येतात, सल्फेटच्या वाट्याला ३. सूत्र झाले एएल२-(एस-ओ४)३. पडताळा: दोन गुणिले +३ म्हणजे +६, तीन गुणिले −२ म्हणजे −६, बेरीज शून्य. बेरीज शून्य आल्याशिवाय पुढचे सूत्र लिहायचे नाही, ही शिस्त लावून घ्या.

ही रीत तीन ठिकाणी फसवते.

पहिले, दोन्ही प्रभार सारखे असतील किंवा दोघांना एकाच अंकाने भाग जात असेल तेव्हा. मॅग्नेशियम ऑक्साइडला तिरकस गुणाकार एमजी२-ओ२ देतो. आयनिक संयुगाचे सूत्र सर्वांत लहान गुणोत्तरात लिहितात, म्हणून एमजी-ओ. टिन(४) ऑक्साइडही (टिनचा प्रभार +४) एसएन२-ओ४ नव्हे, एसएन-ओ२.

दुसरे, उलट बाजूने: जिथे संक्षेप करायचाच नाही. सोडियम पेरॉक्साइड एनए२-ओ२ आहे, कारण त्यातले दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असून दोघांवर मिळून −२ प्रभार आहे. त्याला छाटून एनए-ओ केले की पदार्थच उरत नाही. मर्क्युरस क्लोराइडचेही तसेच: एचजी२-सीएल२, कारण मर्क्युरी(१) आयन (+१ प्रभाराचा पारा) जोडीनेच असतो.

तिसरे म्हणजे ही रीत सहसंयुज संयुगांवर चालवणे. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांची एन२-ओ, एन-ओ, एन-ओ२, एन२-ओ४, एन२-ओ५ अशी अनेक संयुगे आहेत. तिथे सूत्र नावातल्या संख्यावाचक शब्दांवरूनच मिळते, गुणाकारातून नाही.

कंस कधी द्यायचा आणि कधी नाही?

संयुक्त मूलक एकापेक्षा जास्त वेळा आले तरच. कॅल्शियम हायड्रॉक्साइड सीए-(ओ-एच)२, पण सोडियम हायड्रॉक्साइड नुसते एनए-ओ-एच. कंस विसरून शेवटी २ लावला तर तो एकट्या हायड्रोजनला लागतो आणि ऑक्सिजन एकच उरतो. साध्या आयनाला कंस कधीच नाही: सीए-सीएल२.

अमोनियम नायट्रेटमधले दोन नायट्रोजन एकत्र करून एन२-एच४-ओ३ लिहिले तर चूक का?

अणूंची संख्या बरोबर आहे, पण माहिती गेली. एन-एच४-एन-ओ३ असे लिहिले की कोणते दोन आयन आहेत हे दिसते: एक नायट्रोजन अमोनियममधला, दुसरा नायट्रेटमधला. आयनिक संयुगाच्या सूत्रात मूलक अखंड ठेवतात, म्हणून गुण कापले जातात आणि ते योग्यच आहे.

फेरस आणि फेरिक, क्यूप्रस आणि क्यूप्रिक. दोन कुठे, तीन कुठे, लक्षात राहत नाही. काय करू?

गोंधळ तुमचा नाही, जुन्या पद्धतीचा आहे. 'अस' म्हणजे कमी प्रभार आणि 'इक' म्हणजे जास्त, एवढेच ती सांगते. किती ते सांगत नाही. फेरस (लोखंड) +२ पण क्यूप्रस (तांबे) +१. फेरिक +३, क्यूप्रिक +२, स्टॅनिक (टिन) +४. म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांच्या पद्धतीने प्रभार कंसात रोमन अंकांत लिहितात. इथे आपण तो देवनागरीत लिहू: आयर्न(२) क्लोराइड म्हणजे एफई-सीएल२, आयर्न(३) क्लोराइड म्हणजे एफई-सीएल३. कंसातला अंक लोखंडाच्या एका अणूचा प्रभार सांगतो, अणूंची संख्या नव्हे. आयर्न(३) ऑक्साइडमध्ये लोखंडाचे अणू दोनच आहेत: एफई२-ओ३.

सूत्रावरून अंक काढताना नेहमी ज्ञात बाजूकडून सुरुवात करा. एफई२-ओ३ मध्ये तीन ऑक्सिजनचे मिळून −६. म्हणजे दोन लोखंडांचे +६, एकाचे +३. पोटॅशियम परमँगनेटमध्ये (के-एमएन-ओ४) चार ऑक्सिजनचे −८, पोटॅशियमचा +१, म्हणून मँगनीजचा +७. प्रभार न बदलणाऱ्या धातूंना असा अंक लावायचा नाही. 'सोडियम(१) क्लोराइड' लिहिणारा नियम अर्धाच शिकला आहे.

आणि हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. मर्क्युरस क्लोराइड पूर्वी औषध म्हणून देत असत. मर्क्युरिक क्लोराइड (एचजी-सीएल२) जहाल विष आहे.

मोनो, डाय, ट्राय कुठे लावायचे?

दोन अधातूंच्या संयुगात: डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड (एन२-ओ४), सल्फर हेक्झाफ्लोराइड (एस-एफ६), फॉस्फरस ट्रायक्लोराइड (पी-सीएल३). पहिल्या मूलद्रव्याला 'मोनो' लावत नाहीत. दुसऱ्याला लावतात, जसे कार्बन मोनॉक्साइड.

धातू आणि अधातूंच्या संयुगात ते नको. 'कॅल्शियम डायक्लोराइड' म्हणण्याची गरज नाही, कारण +२ आणि −१ यांतून दुसरे काही तयारच होऊ शकत नाही. अपवाद रूढीने टिकून आहेत: मँगनीज डायऑक्साइड सर्रास म्हटले जाते, काटेकोर नाव मँगनीज(४) ऑक्साइड. फॉस्फरस पेंटॉक्साइड हे नाव पी२-ओ५ या लघुतम सूत्रावरून पडले, पण खरा रेणू पी४-ओ१० आहे. दोन्ही सूत्रे पुस्तकांत आढळतात. प्रश्नात रेणुसूत्र विचारले असेल तर दुसरे लिहा.

सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट यांत घोळ होतो.

'आइड' म्हणजे ऑक्सिजन नाही (ऑक्साइड, हायड्रॉक्साइड आणि पेरॉक्साइड वेगळे ठेवा). 'आइट' म्हणजे ऑक्सिजन कमी, 'एट' म्हणजे एकाने जास्त. सल्फाइडमध्ये नुसते सल्फर, सल्फाइटमध्ये तीन ऑक्सिजन, सल्फेटमध्ये चार. पण 'एट म्हणजे चार' असे धरू नका: नायट्रेटमध्ये आणि कार्बोनेटमध्ये तीनच आहेत. क्लोरीनची मालिका सर्वांत लांब: हायपोक्लोराइट १, क्लोराइट २, क्लोरेट ३, परक्लोरेट ४ ऑक्सिजन, आणि चौघांचाही प्रभार −१.

देवनागरीत लिहिताना एक जादा धोका आहे. क्लोराइट आणि क्लोराइड यांत फक्त ट आणि ड यांचा फरक, नायट्राइट आणि नायट्रेट यांत एका स्वराचा. साठ्याच्या नोंदवहीत आणि बाटलीच्या चिठ्ठीवर मराठी नावाशेजारी सूत्रही लिहाच. सोडियम नायट्राइट नायट्रेटपेक्षा कितीतरी जास्त विषारी आहे.

आम्लांची नावे कशी ठरतात?

ऋण आयनावरून. 'एट' असेल तर 'इक': सल्फेटवरून सल्फ्युरिक आम्ल (एच२-एस-ओ४), नायट्रेटवरून नायट्रिक आम्ल (एच-एन-ओ३). 'आइट' असेल तर 'अस': सल्फ्युरस (एच२-एस-ओ३), नायट्रस (एच-एन-ओ२). 'आइड' असेल तर पुढे 'हायड्रो' आणि मागे 'इक': हायड्रोक्लोरिक आम्ल. हायड्रोजन किती, हे आयनाच्या प्रभारावरून: फॉस्फेटचा −३, म्हणून एच३-पी-ओ४.

एच-सीएल हा वायू असेल तर त्याचे नाव हायड्रोजन क्लोराइड, पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. सूत्र तेच, म्हणून अवस्था लिहिणे महत्त्वाचे.

आम्लातले सगळे हायड्रोजन गेले नाहीत तर उरलेले नावात मोजतात. एनए-एच२-पी-ओ४ म्हणजे सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, एनए२-एच-पी-ओ४ म्हणजे डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. बफर द्रावण (सामू स्थिर राखणारे द्रावण) करताना या दोन बाटल्या उलटसुलट झाल्या की सामू हवा तिथे येतच नाही. पहिल्याचे द्रावण आम्लधर्मी, दुसऱ्याचे किंचित आम्लारिधर्मी असते.

घरातल्या आणि बाजारातल्या नावांची सूत्रे कोणती?

तीन सोड्यांपासून सुरुवात करू, कारण गल्लत तिथेच होते. खाण्याचा सोडा एनए-एच-सी-ओ३, धुण्याचा सोडा एनए२-सी-ओ३ · १० एच२-ओ, आणि कॉस्टिक सोडा एनए-ओ-एच. पहिला भज्यांच्या पिठात चालतो, तिसरा कातडी जाळतो. नुसते 'सोडा' लिहिलेला डबा घरात ठेवू नये.

चुन्याचीही तीन रूपे. चुनखडी सीए-सी-ओ३, ती भट्टीत भाजली की चुनकळी सीए-ओ, चुनकळीवर पाणी ओतले की विरी गेलेला चुना सीए-(ओ-एच)२. याखेरीज नवसागर एन-एच४-सीएल, सोरा के-एन-ओ३, हिंगूळ एचजी-एस, मोरचूद सीयू-एस-ओ४ · ५ एच२-ओ, हिराकस एफई-एस-ओ४ · ७ एच२-ओ, जिप्सम सीए-एस-ओ४ · २ एच२-ओ, टाकणखार एनए२-बी४-ओ७ · १० एच२-ओ.

सूत्रातल्या मधल्या टिंबाचा अर्थ काय? गुणाकार का?

नाही. टिंब सांगते की स्फटिकात ठरावीक प्रमाणात पाणी बसलेले आहे. त्यापुढचा अंक फक्त पाण्याच्या रेणूंना लागू होतो. वाचताना 'कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट'. रेणुवस्तुमान काढताना पाण्याचे वस्तुमान मिळवायचे असते, गुणायचे नसते.

प्रात्यक्षिकात सर्वाधिक नुकसान इथेच होते. २५० मिली, ०.१ मोलर कॉपर सल्फेट हवे आहे. निर्जल क्षाराचे मोलर वस्तुमान १५९.६ ग्रॅम, त्यामुळे हिशेब ३.९९ ग्रॅम येतो. पण कपाटातल्या बाटलीत असतात निळे स्फटिक, म्हणजे पेंटाहायड्रेट, मोलर वस्तुमान २४९.७. त्याचे ६.२४ ग्रॅम लागतात. ३.९९ ग्रॅम निळे स्फटिक घातले तर द्रावण ०.०६४ मोलरच होते आणि पुढची सगळी निरीक्षणे चुकतात. धुण्याच्या सोड्यात तर वजनाचे जवळपास ६३ टक्के पाणीच असते, आणि उघड्यावर ठेवलेल्या स्फटिकांतून ते हळूहळू उडून पांढरी भुकटी होते. म्हणून प्रमाण द्रावणासाठी निर्जल सोडियम कार्बोनेट तापवून, कोरडे करून घेतात.

तुरटीचे सूत्र दोन तऱ्हांनी छापलेले दिसते: के-एएल-(एस-ओ४)२ · १२ एच२-ओ, किंवा के२-एस-ओ४ · एएल२-(एस-ओ४)३ · २४ एच२-ओ. दुसरे पहिल्याच्या बरोबर दुप्पट आहे, पदार्थ एकच. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये अर्धा पाण्याचा रेणू दाखवतात. त्याचा अर्थ दोन कॅल्शियम सल्फेटमागे पाण्याचा एक रेणू.

खताच्या गोणीवर १०:२६:२६ लिहितात. म्हणजे गोणीत पी२-ओ५ असते का?

नसते. पहिला आकडा नत्राचा आहे तसाच. दुसरा स्फुरदाचा, पण पी२-ओ५ च्या रूपात मोजलेला. तिसरा पालाशचा, के२-ओ च्या रूपात. विश्लेषणाच्या जुन्या पद्धतीतून आलेली ही रूढी आहे. प्रत्यक्षात स्फुरद अमोनियम फॉस्फेटसारख्या क्षारातून आणि पालाश पोटॅशियम क्लोराइडमधून येतो. शुद्ध मूलद्रव्य काढायचे तर पी२-ओ५ ला ०.४३६ ने आणि के२-ओ ला ०.८३ ने गुणा. १०:२६:२६ च्या ५० किलोच्या गोणीत नत्र ५ किलो, पण फॉस्फरस सुमारे ५.७ किलो आणि पोटॅशियम सुमारे १०.८ किलो. 'तेरा तेरा किलो' हा नेहमीचा समज त्यामुळे चुकतो.

युरिया कार्बनी आहे, सी-ओ-(एन-एच२)२. रेणुवस्तुमान ६० आणि त्यात नत्र २८, म्हणून गोणीवर ४६ टक्के.

कार्बनी संयुगांना नाव देण्याचा क्रम कोणता?

मुख्य क्रियात्मक गट (संयुगाचे गुणधर्म ठरवणारा अणूंचा गट, जसे अल्कोहोलमधला ओ-एच) ओळखा. तो ज्यात आहे अशी कार्बनची सर्वांत लांब साखळी शोधा. मुख्य गटाला लहान अंक मिळेल अशा टोकाकडून क्रमांक द्या. शाखांची नावे व जागा लिहा. मग जोडा.

उदाहरण: सी-एच३–सी-एच(सी-एच३)–सी-एच२–सी-एच(ओ-एच)–सी-एच३. मुख्य गट अल्कोहोल, साखळी पाच कार्बनची. डावीकडून मोजले तर ओ-एच चौथ्यावर येतो, उजवीकडून दुसऱ्यावर, म्हणून उजवीकडून. मिथाइल शाखा मग चौथ्यावर. नाव: ४-मिथाइलपेंटेन-२-ऑल. अंक आणि अंक यांत स्वल्पविराम, अंक आणि अक्षर यांत आडवी रेघ, नावात कुठेही उगाच मोकळी जागा नाही.

साखळी कागदावर सरळ रेषेत असते असे नाही. 'दोन-इथाइलब्युटेन' हे उत्तर दर वर्षी दिसते. तो इथाइल गट साखळीतच धरला की पाच कार्बन होतात आणि नाव निघते ३-मिथाइलपेंटेन. क्रियात्मक गट किंवा दुहेरी बंध नसेल तेव्हा साखळीच्या दुसऱ्या कार्बनवर इथाइल शाखा आली की साखळी चुकीची निवडली हे नक्की.

क्रमांक देताना अंकांची बेरीज कमी यावी, हा नियम बरोबर आहे का?

नाही, जरी अनेक वह्यांत तसाच उतरवलेला असतो. नियम पहिल्या फरकाचा आहे. दहा कार्बनच्या साखळीवर तीन मिथाइल आहेत. एका टोकाकडून २, ७, ८ आणि दुसऱ्याकडून ३, ४, ९. बेरजा १७ आणि १६. पण पहिल्याच अंकाला २ हा ३ पेक्षा लहान, म्हणून बरोबर नाव २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन. बेरजेची युक्ती पुष्कळदा योगायोगाने जुळते, त्यामुळे ती टिकून राहिली आहे.

वर्णक्रम कोणता, मराठी की इंग्रजी?

रोमन लिपीतला. नावे देवनागरीत लिहिली तरी ब्रोमो, क्लोरो, इथाइल, मिथाइल असाच क्रम. बाराखडीप्रमाणे इथाइल सर्वांत आधी आणायचा नाही. डाय, ट्राय, टेट्रा क्रम ठरवताना धरत नाहीत, म्हणून इथाइल हे डायमिथाइलच्या आधी. सेकंडरी आणि टर्शरीची उपपदेही धरत नाहीत. आयसो मात्र धरतात.

एकाच रेणूत दोन-तीन क्रियात्मक गट असतील तर?

ज्येष्ठता अशी: कार्बॉक्सिलिक आम्ल, एस्टर, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, अमाइन. सर्वांत ज्येष्ठ गटाला नावाचा प्रत्यय मिळतो, बाकीचे उपपदे होतात: कीटोन असेल तर ऑक्सो, अल्कोहोल असेल तर हायड्रॉक्सी, अमाइन असेल तर अमिनो. क्लोरो, ब्रोमो, नायट्रो हे कायम उपपदच. सी-एच३–सी-ओ–सी-एच२–सी-ओ-ओ-एच म्हणजे ३-ऑक्सोब्युटेनॉइक आम्ल.

दोन सापळे आहेत. आम्ल, अल्डिहाइड आणि नायट्राइल यांच्या गटातला कार्बन साखळीत मोजायचा असतो आणि त्याचाच क्रमांक १. ॲसेटिक आम्ल त्यामुळे इथेनॉइक, मिथेनॉइक नव्हे. आणि जुन्या पद्धतीत अल्फा कार्बन म्हणजे क्रमांक २, कारण ती मोजणी गटाच्या शेजाऱ्यापासून सुरू होते. गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल म्हणूनच ४-अमिनोब्युटेनॉइक आम्ल ठरते.

एस्टरचे नाव उलटे का वाटते?

कारण अल्कोहोलकडून आलेला भाग नावात आधी येतो, पण सूत्रात बहुधा नंतर लिहिलेला असतो. कार्बोनिल (सी=ओ) असलेली बाजू आम्लाची; एकेरी बंधाच्या ऑक्सिजनपलीकडची बाजू अल्कोहोलची. सी-एच३–सी-ओ-ओ–सी२-एच५ म्हणजे इथाइल इथेनोएट.

आता सी३-एच६-ओ२ हे रेणुसूत्र पाहा. ते मिथाइल इथेनोएटचे आहे, इथाइल मिथेनोएटचे आहे आणि प्रोपेनॉइक आम्लाचेही आहे. कार्बनी संयुगात नुसत्या रेणुसूत्रावरून नाव देता येत नाही, रचनासूत्र मागा.

रेणुसूत्रातले हायड्रोजन बरोबर आहेत का, हे कसे तपासायचे?

कार्बनची दुप्पट करा, २ मिळवा, प्रत्येक नायट्रोजनमागे १ मिळवा, हायड्रोजन आणि हॅलोजन वजा करा, राहिलेल्याला २ ने भागा. ऑक्सिजन मोजायचा नाही. उत्तर म्हणजे दुहेरी बंध आणि वलये यांची एकूण संख्या (तिहेरी बंध दोन धरायचा). बेंझीन सी६-एच६: १२ अधिक २ वजा ६, भागिले २, म्हणजे ४; तीन दुहेरी बंध आणि एक वलय. अपूर्णांक किंवा ऋण संख्या आली तर हायड्रोजन मोजण्यात चूक आहे.

२-ब्युटेनॉल की ब्युटेन-२-ऑल? दोन पुस्तकांत दोन नावे आहेत.

दोन्हींचा अर्थ तोच. आयुपॅकच्या (नावांचे नियम ठरवणारी रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) १९९३ च्या शिफारशींपासून अंक ज्या प्रत्ययाचा असेल त्याच्या लगेच आधी लिहितात. दोन प्रत्यय असले की या रीतीचा फायदा कळतो: पेंट-३-ईन-२-ऑलमध्ये कोणता अंक कुणाचा याबद्दल शंका राहत नाही. जिथे एकच जागा शक्य आहे तिथे अंक नकोच. नेलपॉलिश काढायचे ॲसीटोन नुसते प्रोपेनोन.

एक बदल अजून वर्गांत फारसा पोहोचलेला नाही. पूर्वी दुहेरी बंध ज्यात येतो ती साखळी निवडत; २०१३ च्या शिफारशींत साखळीची लांबी आधी पाहतात. दुहेरी बंध टोकाच्या सी-एच२ शी आणि त्याच कार्बनवर इथाइल व प्रोपाइल असे दोन गट असतील तर जुने नाव २-इथाइलपेंट-१-ईन, नवे नाव ३-मिथिलिडीनहेक्झेन. बोर्डाच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीत जुनी रीतच गृहीत धरलेली दिसते. तुमच्या पाठ्यपुस्तकात जी आहे तीच लिहा.

जटिल संयुगांची नावे कशी वाचायची?

लिगंड, म्हणजे मध्यवर्ती धातूला जोडलेले रेणू किंवा आयन, आधी, रोमन वर्णक्रमाने. मग मध्यवर्ती धातू. मग त्याचा प्रभार कंसात. चौकटी कंसातला भाग एक आयन समजा. [सीयू-(एन-एच३)४]-एस-ओ४ म्हणजे टेट्राअमीनकॉपर(२) सल्फेट. आयन ऋण असेल तर धातूच्या नावाला 'एट' लागते आणि लोखंड, तांबे, चांदी यांची लॅटिन रूपे परततात: के४-[एफई-(सी-एन)६] म्हणजे पोटॅशियम हेक्झासायनायडोफेरेट(२). जुन्या पुस्तकांत 'हेक्झासायनो' दिसेल. २००५ च्या शिफारशींनंतर 'सायनायडो'. इथे चार पोटॅशियमचे +४ आणि सहा सायनाइडांचे −६, म्हणून लोखंड +२. पोटॅशियम चारऐवजी तीन असते तर लोखंड +३ आणि क्षार पिवळ्याऐवजी लाल. रोमन लिपीत लिहिताना या संयुगांतल्या अमोनियासाठी 'एम' दोनदा येतो, कार्बनी अमाइनसाठी एकदाच. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसू शकतात, तेव्हा सूत्र पाहून ठरवा.